स्पर्धा परीक्षा सोडून घरी परतताना: मागची वर्षं मिटवायची कशी आणि रोजची उमेद आणायची कुठून

सदाशिव पेठेतली खोली सोडली त्या दिवशी माझं सामान होतं दोन पोती पुस्तकं, एक गादी, एक बादली आणि अभ्यासिकेतल्या टेबलावरून सोलून काढलेला एक कागद. त्या कागदावर चार वर्षांपूर्वी मी ठळक अक्षरांत माझं नाव आणि त्याखाली 'उपजिल्हाधिकारी' असं लिहिलं होतं. स्वारगेटला पोती गाडीत चढवताना कंडक्टरने विचारलं, "ताई, धान्य हाय का?" म्हटलं, "पुस्तकं." "मग लगेज फाडावं लागंल." त्याने तिकीट फाडलं, मी पैसे दिले आणि खिडकीशी बसून कात्रजच्या बोगद्यापर्यंत रडले.

सहा वर्षं. पाच पूर्व परीक्षा, तीन मुख्य, एक मुलाखत. अंतिम यादीत नाव नाही.

परीक्षा पास कशी व्हायची हे सांगणारे पुण्यात गल्लोगल्ली भेटतात. परीक्षा सोडून घरी कसं जायचं हे मला कुणी सांगितलं नाही. जागा शेकड्यांत निघतात आणि अर्ज लाखांत येतात, म्हणजे पोस्ट काढणाऱ्यांपेक्षा परतणारेच कितीतरी जास्त. त्या परतणाऱ्यांसाठी मी हे लिहितेय. मला येऊन चार वर्षं झाली. काय केल्याने सुटका झाली, काय केल्याने आणखी अडकले, ते क्रमाने सांगते. क्रम मात्र पाळा. मी शेवटची पायरी आधी करायला गेले आणि त्यात एक अख्खं वर्ष गेलं.

आधी एक तारीख

एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38 आहे, मागासवर्गीयांना 43. यूपीएससीत खुल्या गटाला निदान 32 वर्षं आणि 6 प्रयत्न अशी भिंत तरी आहे. आपल्याकडे दार फार वर्षं उघडं राहतं आणि खरी अडचण तिथेच आहे. मन अठ्ठाविसाव्या वर्षीच उठलेलं असतं, तरी जाहिरात आली की आपण म्हणतो, "फॉर्म नुसता भरून ठेवते, अभ्यास झाला तर बसेन." तो फॉर्म भरला की अभ्यासही होत नाही आणि दुसरं कामही मनापासून धरता येत नाही. असे 'नुसते भरलेले' दोन फॉर्म माझ्या नावावर आहेत. सहा वर्षांपैकी सगळ्यात वाईट महिने तेच होते, कारण त्या काळात मी कुठेच नव्हते.

म्हणून एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन ओळी लिहा. मी कोणत्या तारखेला थांबतेय. त्या दिवसापासून काय करणार नाही. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी नऊ वाजता कुठे असेन. तिसरी ओळ लिहायला सर्वांत जड जाते, पण तीच लागते. एखादा प्रयत्न खरंच मनात उरला असेल तर लाजू नका, त्या पेपरची तारीख लिहा आणि खाली जोडा: 'निकालाची वाट न बघता दुसऱ्या दिवसापासून काम शोधेन.' पेपर एका दिवसात संपतो. त्यानंतरची वाट बघणं मात्र वर्ष-वर्ष चालतं आणि माणूस खचतो तो तिथे.

कागदावर साक्षीदार म्हणून कुणाची तरी सही घ्या. माझ्या कागदावर रूममेटने सही केली. ती स्वतः अजून अभ्यास करत होती. सही करताना तिचा हात क्षणभर थांबला, ते मी पाहिलं.

हिशेब करा, आकड्यांत

'माझी सहा वर्षं वाया गेली' हे वाक्य मनात दिवसाला शंभर वेळा यायचं. ते खरं की खोटं हे तपासता येत नव्हतं, कारण त्यात एकही आकडा नव्हता. शेवटी वहीच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं: कॉट बेसिसचे, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचे, महिन्याला 3,500, मेस 2,800, अभ्यासिका 1,200. वर्षाचे नव्वद हजार, सहा वर्षांचे पाच लाख चाळीस हजार. क्लासची फी साठ हजार. एकूण सहा लाख.

आकडा बघून पोटात गोळा आला. पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. सहा लाख ही रक्कम आहे आणि रक्कम फेडता येते. 'वाया गेली' हे फेडता येत नाही.

आपण इतकी वर्षं का चिकटून राहतो यावर 1985 मध्ये आर्क्स आणि ब्लुमर या अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग केला होता. नाटकांची हंगामी तिकिटं काहींना पूर्ण किमतीला आणि काहींना सवलतीत दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं सगळ्यांना तीच होती. फरक एवढाच, की खिशातून जास्त गेले होते. पाचव्या पूर्व परीक्षेला मी का बसले, ते मला इथे कळलं. चार दिल्या होत्या म्हणून बसले.

उजवी बाजू म्हणजे या वर्षांत काय कमावलं ती. ती त्याच दिवशी भरू नका. तेव्हा ती भरत नाही, किंवा खोटी भरते. माझी उजवी बाजू दोन महिन्यांनी भरली, कशी ते पुढे येईलच.

घरी सांगणं

सांगायचं तर समोरासमोर सांगा, फोनवर नको. आणि आई-वडिलांपैकी जे कमी बोलतात त्यांना आधी सांगा. आमच्याकडे आण्णा.

आमचं गाव जत तालुक्यात. कोरडवाहू पट्टा, त्यात चार एकर डाळिंब. मी पोचले तेव्हा आण्णा गोठ्यात होते. उभ्या उभ्याच सांगितलं, "आण्णा, मी आता परीक्षा देणार नाही."

त्यांनी म्हशीपुढे पेंडी सोडली. हात झटकले. "जेवलीस का?"

"न्हाई अजून."

"जेव. रात्री बाराला लाईट येतीया. मोटर चालू कराय तू जा आज."

बस एवढंच. मी सहा वर्षं ज्या वाक्याला घाबरत होते त्याला हे उत्तर मिळालं. त्या रात्री बॅटरी घेऊन बोअरवर गेले, स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, पाइपमधून आधी हवा आणि मग पाणी आलं. आण्णांनी हे समजून-उमजून केलं की त्यांना झोप हवी होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

सगळ्यांचे आण्णा असे नसतात, हे मला माहीत आहे. काही घरांत तोंड फिरवतात, काही घरांत पैशाचा विषय पहिल्याच वाक्यात निघतो. म्हणून सांगताना तीन गोष्टी एका दमात सांगा: थांबले, सोमवारपासून हे करणार आहे, आणि पैशाचं महिन्याला इतकं-इतकं परत करेन. माफी एकदाच मागा. रोज माफी मागणाऱ्याला घर रोज आरोपी म्हणूनच बघायला लागतं.

मुलींसाठी इथे थोडं जास्त सांगायला हवं. मुलाने परीक्षा सोडली तर घर विचारतं, आता काय करणार? मुलीने सोडली तर कुणी विचारतच नाही, थेट ठरवतात. माझ्या आत्याने दुसऱ्याच दिवशी आईला विचारलं, "मग पाहुणं बोलवायचं का न्हाई आता?" कित्येक मुली अभ्यास संपल्यावरही पुण्यात पडून राहतात ते ह्या वाक्याच्या भीतीने. घरी परतणं म्हणजे लग्नाला होकार, असं समीकरण होऊन बसलंय. त्यावर मला एकच तोडगा सापडला. रिकाम्या हाताने घरी जाऊ नका. एखाद्या अभ्यासक्रमाची भरलेली पावती, नोकरीचं पत्र, निदान एक ठरलेली मुलाखत तरी हातात असू द्या. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून शिकता येतं. तीन वर्षांच्या एलएलबीला पदवी आणि सीईटी लागते, आणि राज्यघटना तुमची वाचून झालेलीच आहे. "दोन वर्षं मी हे करतेय" असं सांगून पावती पुढे ठेवली की बोलणं बदलतं. लग्न करायचं असेल तर जरूर करा, पण ते परीक्षा सुटली म्हणून नको.

नातेवाइकांसाठी एक वाक्य तयार ठेवा आणि तेच प्रत्येकाला सांगा. "सहा वर्षं दिली, मुलाखतीपर्यंत गेले, झालं नाही, आता हे काम करते." गावातल्या लग्नाच्या पंगतीत हे वाक्य पहिल्यांदा बोलताना माझा आवाज कापला. सातव्या-आठव्या वेळी समोरच्याच माणसाचा विचारायचा उत्साह गेला.

पुस्तकं, नोट्स आणि ग्रुप

तुकाराम महाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. 1630 च्या दुष्काळात बायको गेली, मूल गेलं, व्यापार बसला. घरात सावकारीची खतं होती, लोकांकडून येणं होतं. सांगतात की त्यांनी निम्मी खतं भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. मला त्या गोष्टीतला भावाचा वाटा फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला ती खतं लागणार होती त्याला त्याची दिली, आणि बुडवली ती फक्त स्वतःची.

पुस्तकांचंही तसंच करा. पहिला ढीग दुसऱ्याच्या उपयोगाचा: चालू आवृत्तीची पुस्तकं, नकाशे, शब्दकोश. पुण्यातच असाल तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेणारे आहेत, पैसे थोडे मिळतात पण तिथल्या तिथे मिळतात. गावी असाल तर गावच्या वाचनालयाला किंवा एखाद्या गरजू मुलाला द्या. देताना 'बघ, तुझं तरी होईल' असं म्हणू नका. आपलं ओझं त्याच्या डोक्यावर कशाला?

दुसरा ढीग रद्दीचा. चालू घडामोडींचे जुने अंक, चाचणी पेपर, झेरॉक्सचे गठ्ठे. किलोवर घाला. तराजूवर गठ्ठा ठेवताना वाईट वाटतं. वाटू द्या.

तिसरा ढीग मुठीएवढा ठेवा. मी एक वही ठेवली, इतिहासाची, कारण त्यातलं अक्षर मला आवडतं. आणि ते लगेजचं तिकीट ठेवलं. टेबलावरचा नावाचा कागद आईने चुलीत घातला. मी तो फळीवर ठेवला होता, तिला वाटलं रद्दी. मला घालता आला नसता.

फोनही त्याच दिवशी आवरा. उत्तरतालिकेचे, 'आजचे 25 प्रश्न'वाले, जाहिरातींचे टेलिग्राम ग्रुप म्यूट करून भागत नाही, बाहेर पडा. मैत्रिणींना सोडू नका. त्यांना सांगा, "परीक्षेचं सोडून काहीही बोल." आणि त्यांच्यापैकी कुणाची पोस्ट निघाली तर त्याच दिवशी फोन करा. उशीर केला की फोन अवघड होत जातो आणि मग मैत्रीच सुटते. माझी रूममेट राज्यकर निरीक्षक झाली तेव्हा मी दोन तास अंगणात येरझाऱ्या घातल्या आणि मग फोन लावला. तीच रडायला लागली.

रात्रीचे विचार

दिवस निघून जातो. रात्री अकरानंतर 'तो प्रश्न' येतो. प्रत्येकाचा एक असतो. मी शेवटच्या पाच मिनिटांत उत्तर बदललं होतं. आधीचं बरोबर होतं. चार चुकांमागे एका बरोबर उत्तराचे गुण कापले जातात, त्यामुळे अंधारात पडून आकडेमोड सुरू: ते बदललं नसतं तर, तो अंदाज मारला नसता तर.

'विचार करू नको' हा सल्ला इथे उलटा पडतो. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करू नका, आणि मनात आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. आणि नंतर विचार करायची मुभा दिली तेव्हा, ज्यांनी आधी तो दाबला होता, त्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. दाबून जात नाही, ते साठतं.

त्यापेक्षा त्याला वेळ नेमून द्या. संध्याकाळी पाच ते साडेपाच, अंथरुणापासून लांब, गोठ्याच्या कट्ट्यावर, बाल्कनीत, कुठेही. त्या अर्ध्या तासात हवा तेवढा 'तो प्रश्न' उगाळा. रात्री आला तर म्हणा, उद्या पाचला. पहिले आठ-दहा दिवस तो ऐकत नाही. मग ऐकायला लागतो. काही दिवसांनी पाच वाजता कट्ट्यावर बसले आणि उगाळायला काही सापडेना, तेव्हा मी चक्क घाबरले. इतक्या वर्षांची सोबत होती ती.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. तेव्हापासून ही पद्धत जगभर वापरली जाते. तुम्हीही चार दिवस लिहा. शुद्धलेखन नको, मुद्दे नकोत, कुणाला दाखवायचं नाही. लिहिल्या-लिहिल्या जीव जड होतो, म्हणून झोपायच्या आधी लिहू नका. पहिले दोन दिवस मी आयोग, क्लास, नशीब, सगळ्यांवर लिहिलं. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं की मला मुळात अधिकारी व्हायचं होतं का, की आमच्या सातबाऱ्यासाठी आण्णांना तलाठी कार्यालयात चार-चार फेऱ्या मारायला लावणाऱ्या खुर्चीवर एकदा बसायचं होतं? चौथ्या दिवशी दोनच ओळी लिहिल्या.

आणि हे ठामपणे सांगते. झोप, भूक आणि कामातली गोडी दोन आठवड्यांहून जास्त गेलेली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि 14416 वर फोन करा. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 2022 पासून चालू आहे, मोफत, चोवीस तास आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला औषधांनी तीन महिन्यांत उभं केलं. तो आळशी झालाय असं तोवर सगळे म्हणत होते, मीसुद्धा.

उमेद कुठून आणायची

सहा वर्षं आमची प्रेरणा म्हणजे पहिल्या आलेल्यांची भाषणं. सत्काराचा फेटा, झोपडीतलं घर, आईचे अश्रू, 'मी करू शकलो तर तुम्हीही.' रात्री एक व्हिडिओ बघायचा, अंगावर काटा यायचा, पहाटे पाचचा गजर लावायचा. परीक्षा सोडल्यावरही मी ते बघत राहिले, म्हटलं प्रेरणा तर लागेलच. बरेच महिने लक्षात आलं नाही की ज्या गोष्टीतून मला बाहेर पडायचं होतं तिलाच मी रोज रात्री जेवू घालत होते. ते व्हिडिओ आधी बंद करा.

मग उमेद येते कुठून? माझ्या अनुभवात हातातल्या कामातून, आणि तीही काम केल्यावर. 1970 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी नैराश्याबद्दल हीच गोष्ट मांडली: समाधान देणाऱ्या कृती आयुष्यातून कमी होतात, म्हणून मन बसतं, आणि मन बसलं म्हणून कृती आणखी कमी होतात. ही साखळी कृतीच्या टोकाकडून सोडवता येते. मन लागायची वाट बघत बसायचं नाही.

पहिले सहा आठवडे रोज असं एक काम घ्या जे संध्याकाळपर्यंत संपतं आणि संपलेलं डोळ्यांना दिसतं. याला कारण आहे. परीक्षेचा अभ्यास कधीच संपत नाही. सहा वर्षं मी रोज अपुऱ्या अवस्थेत झोपले. संपलेल्या कामाची चवच विसरले होते. ठिबकच्या एका ओळीचे तुंबलेले ड्रिपर साफ करणं, एक कपाट आवरणं, भाकरी शिकणं. शहरात असाल तर सायकल दुरुस्त करा, मराठी टायपिंगचा रोज एक धडा करा. मोठं ध्येय इतक्यात धरू नका. पुन्हा कागदावर नाव लिहायची घाई नको.

दुसरं, रोज पंधरा मिनिटं चाला, फोन घरी ठेवून. अमेरिकेत 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्कर माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालायला सांगितलं होतं. एका गटाला जोडीला सांगितलं, नवलाने बघत चाला. प्रत्येक वेळी एक सेल्फी काढायची होती. आठवडे गेले तसतशी नवलाने बघणाऱ्यांची आकृती फोटोत लहान होत गेली, आजूबाजूचं दृश्य जास्त दिसू लागलं आणि हसू रुंदावलं. मला हा फोटोंचा तपशील फार पटला. अपयश आलं की फ्रेममध्ये फक्त आपणच भरून राहतो.

चालून आल्यावर वहीत एक ओळ लिहा: आज काय पाहिलं. 'आज काय शिकले' नको, तो परत अभ्यास झाला. माझ्या वहीतल्या काही ओळी: 'सुगरणीचं घरटं अर्धंच विणून सोडलेलं, शेजारी दुसरं पूर्ण.' 'शाळेचा शिपाई झेंड्याच्या दोरीला गाठ मारायला पोराला शिकवत होता.' 'आईला चष्मा लागलाय, सुई ओवायला मला हाक मारली.'

तिसरं, वहीची उजवी बाजू. दोन महिन्यांनी शेजारचे काका मोबाइल घेऊन आले, महाडीबीटीवर ठिबकच्या अनुदानाचा अर्ज अडला होता. शासन निर्णय मी उघडला, तिसऱ्या पानावरची अट वाचली, त्यांच्याकडे नसलेला एक कागद सांगितला. वीस मिनिटांत झालं. काका म्हणाले, "आगं, सायबासारखं वाचतीस की." पुढच्या आठवड्यात चार जण आले, मग सोसायटीचं एक पत्र, मग एका विधवा बाईंचा निराधार योजनेचा अर्ज. शासन निर्णय वाचता येणं, अर्ज मुद्देसूद लिहिता येणं, कोणतं काम तलाठ्याचं आणि कोणतं तहसीलदाराचं हे माहीत असणं, आठ-आठ तास एका जागी बसता येणं. हे मी त्या दिवशी उजव्या बाजूला लिहिलं. तुमच्याकडेही हे आहे. कुणाचं तरी अडलेलं काम करून दिल्याशिवाय ते दिसत नाही.

चौथं, बघायला माणूस जवळचा निवडा. माझ्यासाठी ती पॅकहाऊसमधली एक बाई होती, पन्नाशीची. आता मी ज्या शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब बघते तिथली. डाळिंबाची प्रतवारी करताना ती फळ तळव्यावर घ्यायची, मनगट किंचित खाली-वर करायची आणि म्हणायची, "अडीचशे." काट्यावर 246. पुढचं, "तीनशे जरा कमी." 291. शाळा चौथीपर्यंत. मी तिच्या शेजारी आठवडाभर उभी राहिले. माझा पहिला अंदाज साठ ग्रॅमने चुकला होता. ती म्हणाली, "हाताला इचार, डोक्याला नगं."

नोकरीच्या मुलाखतीत

हे थोडक्यात. बायोडाटात मधली वर्षं लपवू नका, तारखांची फिरवाफिरव लगेच कळते. 'स्पर्धा परीक्षांची पूर्णवेळ तयारी' असं साल घालून लिहा आणि किती मुख्य परीक्षा दिल्या, मुलाखतीपर्यंत गेला असाल तर ते लिहा. "का सोडलं?" याला तीन वाक्यांहून मोठं उत्तर नको. मी म्हणाले होते, "सहा वर्षं पूर्ण ताकदीने दिली. झालं नाही. पुन्हा देणार नाही, तो निर्णय लेखी केलाय." समोरच्यांना खरी भीती हीच असते की तुम्ही चार महिन्यांत पुढच्या जाहिरातीला पळाल. यूपीएससीची मुलाखत देऊन अंतिम यादीत न आलेल्यांसाठी आयोगाची 'प्रतिभा सेतू' ही सोय आहे, संमती दिली तर तुमची माहिती नोकरी देणाऱ्या संस्थांना मिळू शकते. तिकडे दुर्लक्ष करू नका. पहिला पगार कमी असेल. त्यातून घरचे ठरलेले पैसे आधी द्या, हजार का असेनात. मी दर महिन्याला आण्णांच्या हातात देते. ते न मोजता खिशात घालतात. चौपन्न हजार झाले.

पुन्हा जाहिरात येईल तेव्हा

येणारच. आणि पोटात हलणारच, चार वर्षांनीही हलतं. 2025 पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तेव्हा दोन दिवस मी बेचैन होते. माझा हात लिहिता आहे, मला हीच पद्धत जमली असती. असे दिवस आले म्हणून आपलं सगळं मुसळ केरात गेलं असं समजू नका. कागद काढा, साक्षीदाराला फोन करा, पाच वाजताच्या कट्ट्यावर बसा आणि त्या दिवशीचं काम रोजच्यापेक्षा जरा लवकर सुरू करा. रूममेटला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "सही माझीये त्याच्यावर. मी नाही मोडू देणार."

सध्या हस्त बहाराची तयारी चालू आहे. डाळिंबाला आधी पाणी तोडून ताण देतात, मग इथ्रेल फवारून पानगळ करतात. पानं पिवळी पडून झाडाखाली सडा पडतो आणि नुसत्या काट्याकुट्या उरतात. लहानपणी मला ती बाग बघवत नसे. काल रात्री पहिलं पाणी सोडायचं होतं. आण्णांच्या गुडघ्याला कळ होती, म्हणून मी एकटीच गेले. साडेबाराला लाईट आली. बटण दाबून ओळीच्या टोकापर्यंत चालत गेले, शेवटचा ड्रिपर गळायला लागेपर्यंत थांबले. वहीतली कालची ओळ: 'पाणी शेवटच्या झाडाला पोचायला अकरा मिनिटं.'